एका गाडीवर मल्लम्मा येऊ दे

आमच्या गल्लीतला अफजलखान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होता. अंगानं दांडगा, आवाज मात्र बारीक. त्यामुळं खानाचे संवाद माझ्या आवाजात टेप व्हायचे आणि तो नुसते ओठ हलवायचा. बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्याला एका रात्रीत दहा-बारा वेळा मरावं लागे. चित्ररथ चौकाचौकांत थांबतो आणि प्रत्येक चौकातल्या माणसांना वध बघायचाच असतो. पहाटेपर्यंत तो इतका दमायचा की वाघनखं लागायच्या आधीच आडवा व्हायचा. मग शिवाजी झालेला पोरगा दातांतल्या दातांत म्हणायचा, "अजून दोन वाक्यं हाईत रे, ऊठ की."

मी निवृत्त मराठी मास्तर. तीस वर्षं गल्लीच्या चित्ररथाचे संवाद लिहिले, त्या नात्यानं थोडं बोलतो.

आमची शिवजयंती १९ फेब्रुवारीची नव्हे, वैशाख शुद्ध द्वितीयेची. महाराष्ट्र सरकारनं तारीख बदलली, बेळगावनं तिथी सोडली नाही. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ याच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे, हे मी स्वतः वर्गात शिकवत होतो. गल्लीत मात्र कधी तोंड उघडलं नाही. वैशाखात शाळांना सुट्टी असते, पोरं मोकळी असतात, रात्रभर उघड्यावर उभं राहता येतं. एवढी कारणं मला पुरेशी वाटतात. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया, म्हणजे बसव जयंती. एकाच आठवड्यात शहराला दोन्ही उत्सवांची गर्दी सांभाळावी लागते.

मिरवणूक नरगुंदकर भावे चौकात पालखी पूजनानं सुरू होते. मागं गल्लीगल्लीचे चित्ररथ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फळ्या ठोकून, गोणपाट आणि रंग यांचा डोंगर करून, त्यावर जिवंत माणसं. पुतळे नव्हेत. आग्र्याची सुटका, पावनखिंड, कोंढाणा. सोळा-सतरा वर्षांची पोरं महिनाभर तालीम करतात. ज्याला वर्गात फळ्यापुढं उभं राहायला घाम फुटायचा, तो रामलिंगखिंड गल्लीत हजार माणसांसमोर बाजीप्रभू होऊन उभा राहिलेला मी पाहिलाय.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि या रात्रीला वेगळं वजन आलं. महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ मध्ये गावाचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं. पाटी कुठल्या भाषेत, उतारा कुठल्या भाषेत, हे इथं रोजचं. अशा गावात वर्षातली एक रात्र आपण रस्त्यावर मोठ्यानं मराठी बोलतो, याचं मोल पुण्यात बसून कळायचं नाही.

म्हणूनच सध्याचं बघवत नाही. मोठ्यानं बोलायची रात्र आणि बोलणंच ऐकू येत नाही. पुढच्या गाडीवर तानाजी काहीतरी म्हणत असतो आणि मागच्या गाडीवरची स्पीकरची भिंत छातीत धडधडत असते. पोरांना तालमीपेक्षा नाचणं सोपं पडतं, हे मला समजतं. वर्गणी जमवणाऱ्यालाही बॉक्स भाड्यानं आणणं सोपं, पंधरा पोरांना महिनाभर एका ठिकाणी बसवणं अवघड. पण मग दर वर्षी देखावा करणाऱ्या गल्ल्या कमी आणि दणदणाट करणाऱ्या जास्त होणार. मिरवणूक भरवणाऱ्या महामंडळानं बक्षिसाचे गुण सजावटीपेक्षा संवादाला जास्त द्यावेत आणि चौकात देखावा चालू असताना मागचा आवाज बंद ठेवावा. त्याला पोलिसांचा हुकूम कशाला लागतो?

दुसरी सूचना कडू आहे. ती मला एका हवालदारानं दिली.

तो बागलकोटकडून बंदोबस्ताला आलेला. पहाटे चारच्या सुमाराला आमची गाडी अडकून पडली होती. आमचा खान दाढी गळ्यात सरकवून ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून चहा पीत होता. हवालदारानं त्याला कन्नडमध्ये विचारलं, ही गोष्ट काय आहे? फाउंड्रीत वाढलेल्या पोराचं कन्नड फर्मास. त्यानं प्रतापगड सगळा सांगितला, हातवारे करून. हवालदार रात्रभर उभा होता आणि त्याला तोवर एक अक्षर कळलं नव्हतं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "बेळवडी मल्लम्मा का नाही दाखवत तुम्ही? तिच्यात पण शिवाजी आहे की."

आहेच. बेळवडी आपल्याच जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात. दक्षिण दिग्विजयाहून परतताना, १६७८ च्या सुमारास, मराठी फौजेनं तिथल्या गढीला वेढा घातला आणि एक बाई लढायला उभी राहिली. मराठी कागदांत ती सावित्रीबाई म्हणून येते. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिच्याशी वाईट वागलेल्या आपल्याच सरदाराला शिक्षा केली, असं सांगतात. धारवाडजवळ यादवाडला महाराजांचं कोरलेलं शिल्प आहे. ते मल्लम्मानं करवलं, असं तिथली माणसं मानतात. आपल्या राजाला आडवी आलेली बाई त्याची आठवण दगडात ठेवते, यापेक्षा मोठा देखावा कुठला आणायचा? आणि ती गाडीवर आली तर कन्नडच बोलणार. मराठी बोलणारी मल्लम्मा खोटी वाटेल.

गल्लीच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा शांतता पसरली. एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, जन्मभर मराठी शिकवलासा, आता हे काय?" त्याचा राग मी समजू शकतो. आज एक गाडी कन्नड, उद्या सगळी मिरवणूक कन्नड, ही भीती या गावात उगाच आलेली नाही. पण बेळगावजवळच्या राजहंसगडावर काय झालं तेही आठवावं. २०२३ च्या मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, महाराजांच्या एकाच पुतळ्याचं आठवड्यात दोनदा अनावरण झालं, दोन पक्षांकडून. महाराज त्यांना मतांसाठी हवे आहेत. बागलकोटच्या हवालदाराला गोष्टीसाठी हवे होते. त्याला आपण ती सांगत नाही, मग तो दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकणार.

संवाद मी लिहून ठेवलेत, दोन पानं. कन्नड शेजारच्या बाईंनी तपासून दिलं. माझ्या चार चुका काढल्या आणि "मास्तर, राणी असं लाजत बोलत नाही," म्हणून एक अख्खं वाक्य बदललं. आमच्या खानाची मुलगी कॉलेजात आहे. बापाचा आवाज तिला मिळाला नाही, हे नशीब. ती तयार आहे, पण तिला घोडा पाहिजे. लाकडी घोडा ट्रॉलीवर चढवला तर तिच्या फेट्याला विजेच्या तारा लागतात का, ते रविवारी काठी घेऊन मोजायचं ठरलंय.