पाळतीचे भांडवल

२००७ साली मुंबईत 'एमखोज' या नावाने निघालेली व पुढे बंगळूरला 'इनमोबी' बनलेली मोबाइल-जाहिरात कंपनी म्हणजे भारतीय उद्यमशीलतेचा विजय, असा डंका पिटला जातो. २०११ साली जपानच्या सॉफ्टबँकेने तीत २० कोटी डॉलर ओतण्याचे ठरविले. परंतु या भरभराटीचा कच्चा माल कोणता, हे कोणी विचारीत नाही.

उत्तर २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिले. परवानगी नाकारणाऱ्यांचाही ठावठिकाणा ही कंपनी वाय-फायच्या जाळ्यांवरून हुडकीत होती व तिच्या पाळतीतून लहान मुलेही सुटली नव्हती, असा आयोगाचा आरोप होता. तडजोडीत ४० लाख डॉलर दंड ठरला. आर्थिक स्थितीकडे पाहून प्रत्यक्षात साडेनऊ लाखच भरावयाचे झाले. गुंतवणूकदारांपुढे श्रीमंत, दंडाच्या वेळी दरिद्री!

सेवा फुकट मिळते, म्हणून माहिती द्यावी लागते, असे समर्थक सांगतात. पण ज्याने नकार दिला, त्याच्याशी सौदा झालाच कोठे? कामगाराला निदान मजुरी मिळते. येथे माणसाचे हिंडणे-फिरणे विकले जाते आणि त्याच्या पदरी काहीच पडत नाही.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तरीही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यान्वये दंड सरकारी तिजोरीत जातो. नागविल्या गेलेल्या नागरिकाला भरपाईची तरतूद नाही. चोराचा दंड सरकारजमा, घरधनी मात्र रिकाम्या हातांनी! भरपाईचा हा हक्क कायद्यात आणणे, ही समाजवादी चळवळीची मागणी झाली पाहिजे.