वायरवरचा अँपियरचा आकडा आणि चेन्नईचा मे महिना

चेन्नईत मे महिन्यात ‘कत्तिरी’चं, म्हणजे ऐन उन्हाळ्याचं ऊन सुरू झालं, की विजेची मागणी हा रोजच्या बातमीचा विषय होतो. २ मे २०२४ रोजी तामिळनाडूची मागणी २०,८३० मेगावॉटवर गेली होती. अशा दिवसांत चर्चा होते ती वीजनिर्मितीची, उपकेंद्रांची आणि रोहित्रांची. वीज आपल्या घरात ज्या शेवटच्या दोन-तीन मीटरमधून उपकरणापर्यंत पोचते, त्या लवचीक वायरीकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर, शेगडीची दोरी, गच्चीतून खाली स्कूटरपर्यंत सोडलेली चार्जिंगची वायर हे आपल्या वीजव्यवस्थेचे सर्वांत बारीक आणि सर्वांत बेवारस दुवे आहेत. या वायरी किती प्रवाह सोसतील हे सांगणारा आकडा ग्राहकाला अर्धवट सांगितला जातो, आणि तो ओलांडला गेला तर थांबवणारं काहीही आपल्या प्लगमध्ये किंवा बोर्डात असेलच असं बंधन जाणवत नाही. ही उणीव ग्राहकाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही, ती नियमानेच भरून काढायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी तो आकडा कसा येतो ते पाहू. तांब्याच्या तारेलाही थोडा रोध असतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या लवचीक तारेचा कमाल रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे १९.५ ओहम धरलेला आहे. तीन किलोवॉटचं उपकरण साधारण १३ अँपियर प्रवाह घेतं. हा प्रवाह जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन तारांतून वाहिला, तर दर मीटरमागे सुमारे साडेसहा वॉट उष्णता तयार होते. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर ही उष्णता पावणेतीन वॉटपर्यंत खाली येते. साध्या पीव्हीसी आवरणाला तारेचं तापमान ७० अंशांच्या वर गेलेलं कायमचं चालत नाही. म्हणजे वायरीची क्षमता ठरते ती तारेत निर्माण होणारी उष्णता बाहेर किती सहज जाते यावर. ‘ही वायर ११ अँपियरची’ असं म्हणताना त्यात हवेचं तापमान, मोकळी मांडणी आणि शेजारी दुसरी गरम वायर नसणं या सगळ्या अटी गृहीत असतात. विक्रेता आकडा सांगतो, अटी सांगत नाही.

चेन्नईत त्या अटी मोडतात. आपल्याकडचे तक्ते हवेचं तापमान ४० अंश धरून केलेले असतात, तर युरोपातले बहुतेक ३० अंश धरून. नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत ३१ मे २००३ रोजी ४५ अंशांची नोंद झाली होती. असे दिवस विरळा असतात, हे खरं. पण वायर वेधशाळेच्या सावलीत नसते. ती वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली, फ्रिजच्या मागे, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत किंवा गादीखाली दबलेली असते, आणि तिथे ५० अंश ही अतिशयोक्ती नाही. ४० अंशांच्या तक्त्यातली ११ अँपियरची वायर ५० अंशांत सुमारे ९ अँपियरचीच उरते. तशाच दोन भारित वायरी एकत्र बांधल्या, तर आणखी वीस टक्के कमी करून हिशेब सव्वासातवर येतो. सावकारपेठेत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून आलेली मराठी कुटुंबं आहेत. त्या दाट वस्तीत राहणं आणि काम अनेकदा एकाच छपराखाली असतं, आणि वायरींचे जुडगे भिंतीवरून एकत्रच धावतात. समुद्राजवळच्या रॉयपुरम किंवा तिरुवान्मियूरमध्ये खारी हवा प्लगच्या पिनांना गंज आणते. मग वायर थंड असतानाही सांधा तापतो.

इथे पहिला आक्षेप येतो: घरात एमसीबी आहे की, मग भीती कसली? हा समज सर्वांत घातक आहे. १६ अँपियरचा एमसीबी भिंतीतल्या जाड वायरीचं रक्षण करण्यासाठी असतो, बोर्डाच्या बारीक दोरीचं नाही. मानकाप्रमाणे तो सुमारे अठरा अँपियरपर्यंतच्या जास्त भाराला तासभर पडायचा नसतो, आणि १६ अँपियरवर तर कधीच पडत नाही. आता ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा बोर्ड घ्या. तिची क्षमता साधारण ७ अँपियर. त्यावर कन्व्हर्टर लावून दोन किलोवॉटची इंडक्शन शेगडी आणि दीड किलोवॉटची किटली एकदम चालवली, तर प्रवाह १५ अँपियर होतो. वायरीतली उष्णता तिच्या मर्यादेच्या साडेचारपटीहून अधिक होते, आणि एमसीबीला सगळं व्यवस्थित दिसतं. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लगच्या आत ३ किंवा १३ अँपियरचा फ्यूज असतो. तो उपकरणासाठी कमी आणि त्या दोरीसाठी जास्त आहे. आपल्या ६ आणि १६ अँपियरच्या प्लगमध्ये तशी सोय नाही. अंतर्गत रचना वेगळी असताना ब्रिटिश धर्तीची निर्धास्तता आपण बाळगतो, ती कशाच्या आधारावर?

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: इतकी वर्षं चालतंय, काही झालं नाही. पण पीव्हीसीचं वय तापमानाने मोजलं जातं. ढोबळ नियम असा, की तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. प्लास्टिक मऊ ठेवणारा अंश उडून जातो, आवरण कडक होतं, वाकवलं की तडकतं. मग एखाद्या दिवशी ठिणगी पडते आणि पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ लिहून चौकशी संपते. शॉर्ट सर्किट हा त्या आजाराचा शेवटचा क्षण असतो. आधीची महिनोन्महिने चाललेली तापण्याची प्रक्रिया कोणी तपासत नाही, म्हणून तिला जबाबदार धरलं जात नाही. ‘थोडाच वेळ तर लावतो’ हे उत्तरही टिकत नाही. बारीक वायर काही मिनिटांतच आपल्या स्थिर तापमानाला पोचते, आणि स्कूटरचं चार्जिंग तर तासन् तास चालतं.

खर्चाचा मुद्दा मात्र प्रामाणिक आहे. तांबं महाग आहे आणि जाड वायर सगळ्यांना परवडत नाही. म्हणूनच माझी मागणी सर्वांनी जाड वायर घ्यावी अशी नाही. बोर्डाच्याच वायरीच्या क्षमतेला जुळणारा छोटा ओव्हरलोड कटआउट प्रत्येक बोर्डात असावा. जास्त भार पडला, की बटण बाहेर येतं आणि बोर्ड बंद होतो. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार देणाऱ्यांवर कठोर कारवाई व्हावी, कारण तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि छापील क्षमता सरळ खोटी ठरते. जाड वायर घेतली तरी सैल सॉकेट किंवा गंजलेली पिन तापणारच, हे मान्य आहे. त्यासाठी वायरमनकडून वर्षातून एकदा स्क्रू आवळून घेणं आवश्यक आहे. पण एका दोषाने दुसरा माफ होत नाही.

आय.एस. ६९४ या वायरींच्या मानकाला २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने सक्ती आहे. सुटी वायर तपासली जाते, मग बोर्डाला जोडलेली दोरी आणि बोर्ड मिळून एक वस्तू म्हणून का तपासली जाऊ नये? भारतीय मानक ब्यूरोचं दक्षिण विभागीय कार्यालय तारामणीत आहे आणि राज्याच्या विद्युत निरीक्षकांचं मुख्यालय गिंडीत. रिची स्ट्रीटवरून आणि पॅरीजच्या दुकानांतून बोर्ड विकत घेऊन, ४५ आणि ५० अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर तासभर चालवून, वायरीचं तापमान मोजून निकाल जाहीर करणं त्यांना अजिबात अवघड नाही. बोर्डावर ‘कमाल इतके वॉट, ४० अंशांत, गुंडाळी पूर्ण सोडून’ अशी ओळ तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत छापणं सक्तीचं करता येईल. पुढचा कत्तिरी येण्याआधी हे होऊ शकतं.