पिंपातली किल्ली

‘आवड ज्याची त्याची’ असे म्हटले की आपल्याकडे कलेवरचा वाद मिटतो. मला ही तडजोड मान्य नाही. डेव्हिड ह्यूमने अभिरुचीवरच्या १७५७ सालच्या निबंधात ‘दॉन किहोते’तली एक गोष्ट सांगितली आहे. दोघा जाणकारांनी पिंपातले मद्य चाखले. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली! कर्जदारांची पत तपासण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्याला ही गोष्ट फार आवडते. शेवटी तारण सापडतेच.

कवितेच्या तळाशी मात्र किल्ली नसते. कांटने १७९० मध्ये नेमकी हीच अडचण हेरली. ‘मला हे मद्य रुचते’ म्हणणारा आपल्यापुरते बोलतो. ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा इतरांनीही ते मानावे अशी अपेक्षा धरतो, आणि पटवायला त्याच्यापाशी नियम नसतो. मर्ढेकरांनी तो संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांत शोधला, रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) त्या मांडणीची कसून झडती घेतली.

हल्ली परीक्षणात ‘भावले’ एवढा शब्द पुरतो. भावले, ठीक, पण कोणत्या पानावर, कशामुळे? माझ्या कादंबऱ्यांनाही असे अभिप्राय येतात. त्यापेक्षा ‘तिसरे प्रकरण सैल आहे’ असे कोणी लिहिले, तर त्याच्याशी भांडता तरी येते.