वात, वेटोळे आणि वाफ

गेल्या महिन्यात एका रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. ती घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहते. अंतर फारसे नाही, पण मेट्रोच्या खांबांमधून आणि ट्रकांच्या रांगांमधून वाट काढत पोचेपर्यंत भूक मरून जाते. सोळाव्या मजल्यावरच्या तिच्या गॅलरीतून येऊरचे डोंगर दिसतात, एवढ्यावर सगळे माफ.

जेवणे उरकल्यावर तिने मला हळूच स्वयंपाकघरात बोलावले. "दादा, तू जरा त्याच्या खोलीत जाऊन बघ. दार लावून तारा गुंडाळत बसतो. तुझ्याच धंद्यातलं काहीतरी दिसतंय. पण वास येतो तो कधी स्ट्रॉबेरीचा, कधी करपलेला."

भाचा एकोणतीस वर्षांचा आहे, संगणकाच्या कंपनीत नोकरीला. मी आत गेलो तेव्हा टेबलावर लहानसा स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, मल्टिमीटर, पांढऱ्याशुभ्र कापसाची पुडी आणि तारेचे रीळ होते. त्याने काही लपवले नाही. "बस ना मामा," म्हणाला आणि खुर्चीवरचे कपडे उचलले.

मी रीळ हातात घेतले, टोक नखाने वाकवून पाहिले. कंथाल! वागळे इस्टेटमधल्या माझ्या छोट्या कारखान्यात मी तीस-बत्तीस वर्षे हीटर बनवले. पॅकिंग मशीनचे, प्लॅस्टिकच्या साच्यांचे, कधी एखाद्या हॉटेलच्या शेगडीचे. निक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम. कंथाल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम. हे दुसरे मिश्रण १९३१च्या सुमारास स्वीडनमध्ये जन्मले. तापले की त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच साय तारेला सांभाळते. मात्र एकदा लाल झालेली कंथाल पुन्हा सरळ करायला जाऊ नये, कडकन मोडते. आमच्याकडे नवा कामगार आला की पहिल्या आठवड्यात दोन-चार कॉइल मोडूनच तो हे शिकायचा.

भाच्याने तीन मिलिमीटरच्या सळईवर तार गुंडाळून सहा वेढ्यांचे वेटोळे केले होते. मी ते भिंगाखाली धरले आणि, खरे सांगतो, ज्या कामासाठी बहिणीने पाठवले होते ते विसरलो. "हा तिसरा वेढा सैल आहे," मी म्हणालो. "इथेच आधी लाल होणार. तार ताणून धरून गुंडाळ, सळई फिरव, हात फिरवू नकोस." त्याने पुन्हा केले. या वेळी वेटोळे मधोमध तापून दोन्हीकडे सारखे लाल होत गेले. मामा-भाचे दोघेही खूष. अपराधीपणा मागाहून आला.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटिन आणि सुगंध घातलेला असतो. हा द्रव कापसातून वर चढतो, तापलेल्या तारेपाशी त्याची वाफ होते आणि ती माणूस ओढतो. आजची ई-सिगारेट होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास बनवली. बहुतेक लोक तयार नळी घेतात आणि संपली की फेकतात. काही हौशी मात्र टाकी विकत घेऊन तिच्यातले वेटोळे आणि वात स्वतः घडवतात. भाचा या दुसऱ्या जातीचा.

वात हा शब्द मी सहज वापरला, पण तो चपखल आहे. आमची आई चातुर्मासात लाखाच्या वाती वळायला बसायची. कापूस पिंजून सरकी काढायची आणि दूध-राखेचे बोट लावून मांडीवर वात वळायची. फार घट्ट वळली तर तेल चढत नाही, फार सैल झाली तर फडफडते. भाच्याच्या कापसाचेही तेच. घट्ट बसवला की द्रव पोचत नाही, सैल बसवला की गळतो. निरांजनात जळते ते तेल, वात नव्हे. तेल संपले की मात्र वात जळू लागते. इथेही द्रव कमी पडला की कोरडा कापूस करपतो. ग्लिसरीन प्रमाणाबाहेर तापले की त्यातून ॲक्रोलिन नावाचा वायू निघतो. गृहिणींना तो ठाऊक आहे, नावाने नसेल. कढईतले तेल जळले की डोळ्यांना झोंबतो तोच तो. निरांजनाचा धूर छताला लागतो. हा छातीत जातो, आणि त्याच्याबरोबर तापल्या तारेतले धातूचे अंशही जाऊ शकतात.

मग मी बॅटरी मागितली. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब अशा दोन लिथियमच्या नळ्या. एकीचे वेष्टन कडेला फाटलेले. मी हिशेब मांडला. दोन वेटोळी जोडून रोध ०.४ ओहम, पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची, म्हणजे प्रवाह साडेदहा अँपिअर. अंघोळीचे पाणी तापवणारा दीड हजार वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. व्होल्टेज कमी असल्याने इथली उष्णता पंचेचाळीस वॉटच्या आतच राहते हे खरे, पण तारेच्या एका चुकीच्या स्पर्शाने शॉर्ट झाले तर काय? माझ्या कारखान्यात फ्यूज उडायचा आणि आम्ही चहाला जायचो. त्याच्या नव्या यंत्रात सर्किट आहे, ते शॉर्ट ओळखून बंद पडते. जुन्या पितळी यंत्रात तसले काहीच नाही. आणि सुटी बॅटरी हा मुलगा किल्ल्यांबरोबर खिशात टाकून लोकलने फिरायचा! २०१८ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये असे एक यंत्र फुटून एका माणसाचा जीव गेला. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला.

"हे सगळं कशासाठी रे?" मी शेवटी विचारले.

"मामा, मी दिवसाला पंधरा सिगरेटी ओढत होतो. बाबांचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यातसुद्धा, हॉस्पिटलच्या बाहेरच्या टपरीवर. दोन वर्षं झाली, एकही ओढलेली नाही. बारा मिलिग्रॅमवरून आता तीनवर आलोय."

यावर काय बोलावे मला सुचेना. माझा एक कारागीर दिवसाला दोन बंडले विडी ओढत असे. पन्नाशीही न गाठता गेला. त्याच्या हातात त्या वेळी कुणी अशी नळी दिली असती तर मी ती हिसकावून घेतली असती का?

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळे गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. द्रवात निकोटिन नसले तरीही सुटका नाही. भाचा उद्या शून्यावर आला तरी त्याची टाकी बेकायदाच राहणार. इंग्लंडमध्ये उलट, सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना हीच वस्तू देण्याची योजना २०२३ साली सरकारनेच आखली. मात्र मुलांच्या हाती पडणाऱ्या, वापरून फेकायच्या नळ्यांवर २०२५ साली तिथेही बंदी आली.

मी बंदीच्या विरुद्ध नाही. आंब्याच्या, बबलगमच्या वासाची, हायलायटर पेनासारखी दिसणारी वस्तू पन्नाशीच्या विडीबाजासाठी बनवलेली नाही, हे कळायला समिती नको. आईबापांनी मुलांची दप्तरे तपासावीत असे मी म्हणणार नाही, पण तसल्या पेनाला चार्जिंगचे भोक दिसले तर विचारावे. माझी तक्रार वेगळी आहे. बंदीने वस्तू संपली नाही, आड गेली. भाच्याला मिळणाऱ्या बाटलीवर ना धड पत्ता, ना आत काय आहे त्याची खात्री. २०१९-२० मध्ये अमेरिकेत फुप्फुसे निकामी होऊन ६८ जण दगावले, तेव्हा मुख्य संशय आला तो चोरट्या बाजारातल्या गांजाच्या द्रवात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलावर. आणि इकडे इमारतीच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर सिगारेट सुटी मिळते, काडेपेटी दोरीला बांधलेली असते. त्या पाकिटावर निदान व्यसनमुक्तीचा फोन नंबर छापलेला असतो. भाच्याच्या बाटलीवर तोही नाही. ज्यांनी धूर सोडून वाफ धरली त्यांनी पुढे कुणाकडे जायचे, हे या सगळ्यात कुणीच सांगितलेले नाही.

निघताना फाटलेल्या वेष्टनाची बॅटरी आणि ते पितळी यंत्र मी मागून घेतले. त्याने कुरकुर न करता दिले. उरलेल्या बॅटरीसाठी प्लॅस्टिकची डबी घ्यायचे कबूल केले.

बहीण दारात उभी होती. मी तिला खरे तेच सांगितले. सिगारेट सुटली आहे, निकोटिन सुटलेले नाही, आणि हे जे चालले आहे ते कायद्यात बसत नाही. तो पंधरा सिगरेटी ओढत होता हेच तिला ठाऊक नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी पाकिटावरचा नंबर, १८००-११२-३५६, तिला लिहून दिला. तिने कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि विचारले, "हा फोन मी करायचा, की त्यानं?"

"त्यानं," मी म्हणालो.

"मग तूच सांग त्याला. तुझं ऐकतोय तो. तारा कशा गुंडाळायच्या ते ऐकलं ना तुझं आज!"

दार बंद असूनही तिने सगळे ऐकले होते.