माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढा

'इंडी म्युझिक' म्हटलं की पुण्या-मुंबईची गिटारवाली पोरं डोळ्यांपुढे येतात. येऊ द्यात, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण पाठीशी कंपनीचा पैसा नाही, सिनेमाचा टेकू नाही, रेडिओचा वशिला नाही आणि तरी गाणं वस्तीवस्तीत पोचतं, याला स्वतंत्र संगीत म्हणायचं असेल, तर ते आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनपासून मंठ्यापर्यंत माळ्यांवर, बुटांच्या खोक्यांत पडून आहे. भीमगीतांच्या, जलशांच्या, कव्वालीच्या सामन्यांच्या कॅसेटी!

परंपरा कॅसेटीहून जुनी. नाशिककडचे भीमराव कर्डक आंबेडकरी जलसा घेऊन फिरले. त्यांच्यानंतर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले, हजारो गाणी लिहून गेले. तबकड्यांचा बाजार तेव्हा बहुतांशी एकट्या एचएमव्हीच्या हातात होता. गल्लीतल्या शाहिराला तिथे कोण विचारतो? ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघरी आले आणि ती मक्तेदारी मोडली. छोट्या कंपन्या निघाल्या. ज्यांना त्यांचीही पायरी चढता आली नाही, त्यांची गाणी समोर बसलेल्यांनी भरून घेतली. आणि काळ कसला, तर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा! २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, साडेपंधरा वर्षं मराठवाडा धुमसत होता. त्या वर्षांतला वस्तीचा राग, दुःख आणि चेष्टासुद्धा सरकारी कागदांत सापडायची नाही. ती गाण्यांत आहे.

छापील कॅसेटींची मला तितकीशी काळजी नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आज यूट्यूबवर सापडतात. काळजी आहे ती स्टेजपुढे टेप ठेवून भरलेल्या कॅसेटींची. मधेच माइक शिट्टी मारतो, कुणी पाच रुपयांचं बक्षीस जाहीर करतं, पोरगं रडतं. अशा कॅसेटीची दुसरी प्रत बहुधा जगात नसते. म्हणून आधी त्या काढा.

काढल्या की लगेच टेपमध्ये घालू नका. रीळ उघडं दिसतं त्याच्या विरुद्ध कडेला प्लॅस्टिकच्या दोन बारीक चकत्या असतात, त्या मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबून वर 'हॅलो हॅलो' भरलं जाणार नाही. रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजा आणि ती कॅसेट वेगळी ठेवा, नाहीतर टेपच्या हेडवरून ती बाकीच्यांना लागेल. वर नाव नसेल तर शेवटचं कडवं कान देऊन ऐका. आपले कवी तिथे स्वतःचं नाव गुंफतात. 'वामन' ऐकू आलं की धागा हाती लागला. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: ढोलकीवर कोण होतं, कोरसला कोण, जयंती कुठल्या सालची? हे सांगणारी माणसं कॅसेटीपेक्षाही लवकर जातील.

गायक किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र काही इंटरनेटवर टाकू नका. या माणसांना आयुष्यभर फुकट वापरून झालंय, आता तरी नको.

बाबासाहेबांचं नाव ज्या विद्यापीठाला मिळावं म्हणून ही गाणी गायली गेली, त्याच विद्यापीठात त्यांचा ध्वनिसंग्रह असावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. अशा मुद्रणांसाठी १९८२ मध्ये सुरू झालेला संग्रह आज गुरुग्रामला चालतो, तेव्हा हे जमण्यासारखं नाही असं कुणी सांगू नये. रॅप करणाऱ्या पोरांनीही या कामाला यावं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोलीत रॅप करतो, ते गाणं याच घराण्यातलं आहे.

येत्या १४ जानेवारीपर्यंत प्रत्येक तालुक्यातल्या एका विहारात एक चालू टेप आणि एक लॅपटॉप मांडायचा. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. तेव्हा बसायला माणसं लागतील, पुष्कळ लागतील. आठही तालुक्यांतून या.