शनिवारची दिवाळी

दरवर्षी दिवाळी अंक चाळताना 'परदेशातील दिवाळी' या विषयावरचा एखादा ललित लेख हाती लागतोच. त्याचा आराखडा आता आम्हाला पाठ झाला आहे. खिडकीबाहेर थंडी, हातात कॉफीचा पेला, मग एकाएकी पुण्यातला किंवा कोल्हापुरातला वाडा, आजीने कालवलेले उटणे, चकल्यांचा खमंग वास आणि शेवटी ओलावलेले डोळे. लेखकाच्या त्या परक्या घरात त्याच वेळी दहा वर्षांचे एक मूल गृहपाठ करत बसलेले असते. लेखात त्याला मात्र कुठेच जागा नसते.

या लेखनप्रकाराविषयी आमची तक्रार आहे आणि तीत आम्ही स्वतःलाही सोडणार नाही. असे लेख आम्हीच वर्गात 'स्मरणरंजन' म्हणून कौतुकाने शिकवले आहेत. संपादक ते मागवतात, लेखक ते पुरवतात, प्राध्यापक त्यांना प्रतिष्ठा देतात. 1909 साली 'मनोरंजन'ने सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेला आपण परदेशस्थ मराठी माणसाकडून एवढेच मागावे काय?

स्मरणरंजनाच्या पाठीला पाठ लावून एक उपहासही येतो. तिकडची मंडळी म्हणे 'शनिवारची दिवाळी' करतात. खरेच करतात. लक्ष्मीपूजन मंगळवारी आले तर मुलांना शाळा असते, आईवडिलांना कचेरी असते आणि मंडळाला एखाद्या शाळेचे सभागृह भाड्याने मिळते ते शनिवारीच. यावर तिथीचे महात्म्य सांगणाऱ्यांना आम्ही 2024 सालाची आठवण करून देऊ इच्छितो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला की 1 नोव्हेंबरला, यावर खुद्द भारतातच एकमत नव्हते. तिथी आणि सूर्यास्त यांचा मेळ स्थळानुसार बदलतो, हे पंचांगकर्त्यांना पूर्वापार ठाऊक आहे. टोरांटोची अमावास्या पुण्याच्या तारखेला बांधलेली नाही. परंपरा जेथे स्थळाचा विचार करते, तेथे तिचे स्वयंघोषित रखवालदार तो करायला तयार नाहीत!

आणि अस्सलपणाची परीक्षा घेणारे आपण तरी कोण? आमच्या घरांत फराळ गृहोद्योगातून येतो, रांगोळीचा छाप बाजारातून येतो आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानाला आठ वाजतात. याची आम्हाला लाज नाही. ज्या 'आईच्या चकल्यां'वर एवढे गहिवरून लिहिले गेले, त्या चकल्या तळताना आईची कंबर किती दुखत होती, हेही कोणी लिहायला हवे होते.

आमच्यापैकी एकांचे कुटुंब तीन वर्षे टोरांटोत होते. तिथली दिवाळी त्यांनी आम्हाला सांगितली, ती कोणत्याही दिवाळी अंकात आम्ही वाचलेली नाही. सोऱ्या भारतातून बॅगेत गेला होता. चकली तळायला घेतली की स्मोक अलार्म ओरडे, म्हणून एकाने तळायचे आणि दुसऱ्याने अलार्मखाली उभे राहून टॉवेल हलवायचा, अशी वाटणी ठरली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली की पाचच्या सुमारास अंधार पडे, आणि मग आकाशकंदील शाळेतून आल्याआल्याच लावावा लागे. मुलीने अंगणात गळालेली मेपलची पाने आणि खोक्यांचे पुठ्ठे जमवून किल्ला केला. शेजारच्या मुलाने विचारले, यात राहते कोण? तिने शिवाजी महाराजांची गोष्ट इंग्रजीत सांगितली. पण 'मावळा' हा शब्द तिला इंग्रजीत मिळेना. तिने तो तसाच ठेवला. शेजारचा मुलगाही दुसऱ्या दिवशी 'मावळा' म्हणू लागला.

आमच्या मते परदेशातील मराठी साहित्याला येथून सुरुवात करता येते. सण जेथे आपोआप घडत नाही, तेथे तो ठरवावा लागतो, समजावून सांगावा लागतो, आणि समजावताना भाषा पणाला लागते. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' शिकवताना महिन्यामहिन्याचे निसर्गरूप आम्ही विद्यार्थ्यांना रंगवून सांगतो. मग पानगळीतला, लवकर अंधारणारा टोरांटोचा कार्तिक मराठीत का येऊ नये?

सरकारे या बाबतीत आपल्यापुढे गेली आहेत. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांना 2024 साली पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली. डिसेंबर 2025 मध्ये युनेस्कोने दीपावलीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हे चांगलेच झाले. परंतु सुट्टी कायद्याने मिळते, शब्द काही कायद्याने मिळत नाहीत. तिकडे वाढणाऱ्या मुलीला तिच्या स्वतःच्या दिवाळीचे मराठी पुस्तक हवे असेल, तर आपण तिच्या हाती काय ठेवणार? तिच्या आजोबांचा वाडा? त्या वाड्यात ती कधी राहिलेलीच नाही. ज्या भाषेत आपले घर सापडत नाही, ती भाषा मुले सोडून देतात, आणि मग आपण त्यांनाच दोष देतो.

बलिप्रतिपदेला आपण ज्या राजाची आठवण करतो, तो स्वतःच आपल्या राज्याबाहेर घालवलेला राजा आहे. वर्षातून एकदा तो प्रजेला भेटायला येतो, असे लोक मानतात. दूर गेलेल्यांसाठी जागा राखणारा सण आपल्याकडे आहे, आणि दूर गेलेल्यांच्या सणाकडे मात्र आपण नाक मुरडतो.

म्हणून संपादकांना आमची विनंती आहे की पुढल्या वर्षी वाड्यावरचा लेख परत पाठवा आणि लेखकाला विचारा, काल रात्री तुमच्या घरी काय झाले? आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. परदेशस्थांच्या लेखनावर प्रश्न काढताना 'मातृभूमीची ओढ स्पष्ट करा' हे वाक्य आमच्या प्रश्नपत्रिकेत यापुढे दिसणार नाही.