रकाना कोरा, रोगी वाऱ्यावर

केंद्र सरकारने २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगासाठी तपासणी करण्याची खास मोहीम राबवली. पुढे १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या पंधरवड्यात 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान झाले. किती शिबिरे भरली, किती लोक तपासले, याचे आकडे गाजावाजा करून सांगितले गेले. तपासणी होते ही चांगलीच गोष्ट आहे, तिला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या फॉर्मवर ही तपासणी उतरवली जाते, त्यावर माणूस आज कोणती गोळी खातो आहे, याची नोंद कोण करतो?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्या समाजाने 'नोंद नाही म्हणून हक्क नाही' हे पिढ्यानपिढ्या सोसले, त्याला तो किरकोळ वाटता कामा नये. १९३१ नंतर देशात सर्व जातींची गणना झाली नाही. ती व्हावी म्हणून बहुजनांना किती वर्षे भांडावे लागले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाला तो निर्णय कसा घ्यावा लागला, हे वाचक जाणतातच. जे कागदावर येत नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा येत नाही. आरोग्याच्या फॉर्मलाही हाच नियम लागू आहे.

आशाताई घरोघरी जाऊन जो फॉर्म भरतात, त्याला 'सीबॅक' म्हणतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, आणि आईवडील वा भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, यावर गुण दिले जातात. गुण चारच्या वर गेले की पुढच्या तपासणीला प्राधान्याने पाठवायचे. पुढे लक्षणे विचारली जातात. क्षयाची औषधे चालू आहेत का, हेही विचारले जाते. धोका ओळखण्यासाठी हा फॉर्म ठीक आहे. पण ज्याचा रोग आधीच ओळखला गेला, जो चार वर्षे गोळ्या खातो आहे, त्याचे काय? या गुणांच्या हिशोबात मधुमेहाच्या वा हृदयाच्या गोळीचे नाव आणि मात्रा यांना जागा नाही. मग वस्तीतल्या शिबिरात साखर मोजली जाते, गोळीमुळे ती आटोक्यात दिसते, आणि कागदावर लिहिले जाते : 'नॉर्मल'. रोगी निरोगी ठरतो आणि त्याच्या वाट्याचे औषध मागणीतून गळते.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी १७.६ टक्के स्त्रियांचा रक्तदाब मोजणीत वाढलेला आढळला. पण 'रक्तदाबाची गोळी घेता का' या प्रश्नाचे उत्तर मिळवल्यावर हाच आकडा २१.३ टक्के झाला. पुरुषांमध्ये २१.४ चे २४ टक्के झाले. नुसत्या यंत्रावर विसंबले असते, तर शंभर स्त्रियांमागे जवळजवळ चार जणी हिशोबातूनच गेल्या असत्या. एका प्रश्नाची किंमत एवढी आहे. पाहणी करणाऱ्यांना जे कळते, ते रोजच्या फॉर्ममध्ये का उतरत नाही?

'इंडियाब' या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या अभ्यासाने २०२३ साली देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज मांडला. त्याच वर्षी सरकारने जाहीर केले की २०२५ पर्यंत ७ कोटी ५० लाख रुग्णांना प्रमाणित उपचारांवर आणू. उपचारांवर आणले म्हणजे काय? एकदा बोटातून रक्ताचा थेंब काढला म्हणजे उपचार नव्हे. गोळी मिळाली, दर महिन्याला मिळत राहिली, आणि साखर व दाब आटोक्यात राहिला, तर तो उपचार. औषधाची नोंद नसेल तर हा दावा कोणी कशावरून तपासायचा?

नोंद ठेवणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तिथे प्रत्येक रुग्णाचे उपचार कार्ड ठेवले गेले, ठरलेली औषधे ठरलेल्या क्रमाने दिली गेली, कोण परत आला नाही हे कार्डावरून कळू लागले. म्हणजे मनात आणले तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे होते. मग शिबिरांतच ते का होत नाही?

आता आपल्या वस्तीत या कोऱ्या रकान्याचा अर्थ काय होतो ते पाहू. आपली माणसे औषधाचे नाव सांगत नाहीत. 'शुगरची गोळी', 'पांढरी गोळी', 'रक्त पातळ करायची गोळी', 'जिभेखाली ठेवायची गोळी' असे सांगतात. दोष त्यांचा नाही. एकच औषध बाजारात कितीतरी नावांनी विकले जाते. सरकारी दवाखान्यातली ग्लिमेपिराइड आणि खाजगी डॉक्टरने दुसऱ्या नावाने लिहून दिलेली ग्लिमेपिराइड एकच, हे रुग्णाला कळणार कसे? तो दोन्ही खातो. साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, तोल जातो, बोलणे अडखळते. असा माणूस झाडू मारताना रस्त्यावर कोसळला, तर लोक त्याला दवाखान्यात नेण्याआधी दारुडा ठरवून मोकळे होतात. खिशात औषधाचा कागद असता तर वेळेवर साखर देऊन तो वाचू शकतो.

दुसरे पाहा. हृदयाच्या झटक्यानंतर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असलेला माणूस दात काढायला वा ऑपरेशनला जातो. फॉर्मवर ते नसेल तर रक्त थांबत नाही. उलट कोणालाही न विचारता त्याने गोळ्या बंद केल्या, तर पुन्हा झटका येण्याची भीती. पाठदुखीसाठी दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळीबरोबर मूत्रपिंडाला इजा करू शकते. दम्यासाठी वा सूज उतरवण्यासाठी दिलेले स्टेरॉइड साखर वाढवते. क्षयावरचे रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करते. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, आणि क्षय कोणत्या वस्त्यांत जास्त आहे हे सांगण्याची गरज नाही. हे सगळे एका कागदावर एकत्र दिसले, तरच डॉक्टर सावध होणार.

केवळ 'औषध चालू आहे का – होय/नाही' एवढे विचारूनही भागत नाही. हजेरीवर काम करणाऱ्याची गोळी पैसे संपले की संपते. बाई स्वतःची गोळी अर्धी करून महिना ढकलते. फॉर्मवर 'होय' असते आणि पोटात काहीच नसते. डॉक्टर समजतो औषध लागू पडत नाही, म्हणून मात्रा वाढवतो. म्हणून औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, कधीपासून, कुठून मिळते, आणि गेल्या आठवड्यात किती दिवस चुकले, एवढे तरी लिहिलेच पाहिजे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर रोग्याबरोबर व्यवस्थेचीही परीक्षा घेते. गोळी का चुकली? दवाखान्यात साठा नव्हता म्हणून, की तिथे जायला रोज बुडवावा लागतो म्हणून?

लोक औषध लपवतात, हेही खरे आहे. पण का लपवतात? कंत्राटी सफाई कामगाराला, चौकीदाराला, ड्रायव्हरला भीती असते की फॉर्म मुकादमाच्या टेबलावर गेला तर उद्या हजेरी बंद होईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत चाळीशीवरील कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद आहे. या तपासणीचा कागद कोणाच्या हाती जाणार, हे कामगार संघटनांनी आताच विचारले पाहिजे. कामगार कामाला योग्य आहे की नाही, एवढेच मालकाला कळावे. कोणती गोळी खातो हे डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहावे. नोंद हवी, पण ती कामगाराच्या विरोधात वापरली जाणार नाही याची हमीही हवी. हमीशिवाय सक्ती केली तर लोक खोटे सांगतील, आणि त्या खोट्याची किंमत स्वतःच्या जिवाने मोजतील.

विम्याच्या बाबतीत मात्र लपवणे अंगलट येते. खाजगी विमा घेताना जुना मधुमेह लपवला, तर त्याच कारणाने कंपनी दावा नाकारू शकते. आयुष्मान भारत योजनेत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, तिथे लपवून काहीच मिळत नाही. हा फरक वस्तीत समजावून सांगणारा कोणी नसतो.

सगळा भार आशाताईंवर टाकून चालणार नाही. त्या मानधनासाठी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरतात. त्यांना आणखी एक रकाना द्यायचा तर त्याचा मोबदला आणि प्रशिक्षणही द्यावे लागेल. डॉक्टरांनीही आपले कर्तव्य करावे. औषध मूळ नावाने आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत व २०१६ च्या दुरुस्तीत सांगितलेले आहे. रुग्णाने कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत दिली पाहिजेत, हेही त्याच नियमांत आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे. तो मागायला आपण शिकले पाहिजे.

बाबासाहेबांना मधुमेहाने अनेक वर्षे छळले. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या औषधपाण्यावर त्यांचे लक्ष असे. आपल्या घराघरांत डॉक्टर नाही. ते काम एका साध्या कागदाला करावे लागेल.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. सहा डिसेंबर असो, चौदा एप्रिल असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, आपण आरोग्य शिबिरे भरवतो. त्या शिबिरांच्या फॉर्मवर औषधांचा रकाना आजच छापून घ्या. लोकांना रिकामी पाकिटे सोबत आणायला सांगा. त्यावरून नाव आणि मात्रा उतरवता येते. त्याची एक प्रत रुग्णाच्या हाती द्या, ती खिशात ठेवायला सांगा. ज्या आरोग्य केंद्रात गोळ्या मिळत नाहीत, तिथल्या चुकलेल्या दिवसांची बेरीज घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि जिल्हा परिषदेकडे जा. 'औषध मिळत नाही' ही तक्रार फेटाळली जाते. दोनशे माणसांच्या चुकलेल्या गोळ्यांचा लेखी हिशोब फेटाळणे त्यांना तितके सोपे जाणार नाही.